उणे गुणांचा कोंबडा

मला गुण द्यायची खोड आहे. लातूरला वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, वरण दहापैकी किती झालंय हे ठरल्याशिवाय आम्हाला घास गिळवत नाही. गल्लोगल्ली क्लासेस, रविवारी चाचणी आणि सोमवारी भिंतीवर गुण. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्यानं कौतुकानं चहा केला. मी त्याला साडेसहा दिले. नवरा नांदेडचा, त्याला याची सवय नव्हती. तेव्हापासून घरात चहा मीच करते.

ही खोड कामाला आली ती फार उशिरा. मी नांदेडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते आणि फावल्या वेळात बोटभर उंचीच्या, खेळण्यातल्या रोबोंची परीक्षणं करून व्हिडिओ टाकते. हे ऐकलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग सहानुभूतीनं नवऱ्याकडे. माझे प्रेक्षक थोडे आहेत, पण कट्टर आहेत. रोबोच्या गुडघ्याचा रंग जरा ओघळलेला दिसला तर त्यांच्या घरी सुतक लागतं. आणि माझ्याकडे निगेटिव्ह मार्किंग असतं. सांधा सैल, उणे एक. हात बसवताना माझं नख तुटलं, उणे दोन.

आई नांदेडला आली त्याच सुमारास एक नवा संच बाजारात आला होता. लढाऊ रोबोंची एक मालिका आणि शेतातल्या प्राण्यांचं एक कार्टून, या दोघांची कंपनीनं सोयरीक जमवली होती. या प्रकाराला क्रॉसओव्हर म्हणतात. मी सोयरीकच म्हणते, कारण दोन्हीकडची मंडळी एकमेकांना शोभत नाहीत आणि आत काय निघणार हे डबी उघडेपर्यंत कळत नाही.

रेडा चांगला होता. त्याची वशिंडासारखी पाठ उघडून तोफ निघायची. आठ गुण. बोकडाची दाढी म्हणजे तलवार होती, पण ती उपसली की हनुवटीही सोबत यायची. सहा. बदकाची घडी घातली की होडी होते असं डबीवर लिहिलं होतं. मी ते बादलीत सोडलं. ते सरळ तळाशी जाऊन बसलं आणि माझ्याकडे शांतपणे बघत राहिलं. गाढवाच्या छातीत दिवा लागायचा आणि चेहऱ्यावर असा काही आत्मविश्वास होता की मला माझ्या वर्गातला शेवटचा बाक आठवला. त्याला मी मायेपोटी सात दिले.

राहिला कोंबडा. लोखंडी पंख, लाल डोळे, आणि एक पाय लढाईच्या पवित्र्यात वर उचललेला. डोक्यावर एवढा मोठा तुरा की खाली कोंबडा आहे हे आठवणीनं लक्षात ठेवावं लागे. तो उभाच राहायचा नाही. मी भौतिकशास्त्राची बाई म्हणून सांगते, त्याचा गुरुत्वमध्य त्याच्या पायांत नव्हताच, तो शेजारच्या डबीत असावा. फार जपून ठेवला तर क्षणभर तग धरायचा आणि कुणी शिंकलं की आडवा.

त्याला उणे किती द्यावेत याचा मी विचार करत होते, पण घरात त्याहून मोठी परीक्षा चालू होती. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि ती आमच्या घरात झोपायला तयार नव्हती.

आमचं मूळ गाव किल्लारीच्या अंगाला. घर दगडमातीचं. भूकंपाच्या त्या पहाटे मांडणीवरची भांडी वाजायला लागली आणि आईला जाग आली. मांजराला शिवी द्यायला तिनं तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते ‘हाललं!’ एका हातानं माझी वेणी आणि दुसऱ्या हातानं वडिलांचा सदरा धरून तिनं आम्हाला अंगणात ओढलं, आणि आमच्या मागं भिंत खाली आली. गावात पुष्कळ घरांत उठवणारं कुणी नव्हतं. त्याबद्दल आई आजही बोलत नाही आणि मीही इथे बोलणार नाही.

पुढं आम्ही लातूरला आलो. वडिलांनी स्लॅबचं घर बांधलं आणि वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्या. आईनं त्या घरात स्वयंपाक केला, सणवार केले, पाहुणे जेवू घातले, पण झोपायला ती फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्येच गेली. उशाशी एक परात आणि परातीत एकावर एक रचलेले पालथे पेले. त्या वर्षांत आमच्या भागात घरोघरी असे पेले असायचे. जमीन हलली की ते कोसळणार आणि आपण उठणार. आमचे पेले उसाच्या ट्रकनंही कोसळायचे. वरच्या खोलीतलं एखादं पोरगं सूत्रं पाठ करताना पाय नाचवायला लागलं तरी कोसळायचे. मग आई ‘हाललं!’ म्हणून ओरडायची, सगळी पोरं पुस्तकांसकट फाटकाशी जमायची, आई त्यांची हजेरी घ्यायची आणि चहा टाकायची. त्यांतला एक आज मोठा डॉक्टर आहे. तुमच्या पेल्यांमुळं मला झोप म्हणून लागली नाही, त्याचं हे फळ, असं तो भेटला की सांगतो.

‘हाललं’ हा शब्द मात्र तेव्हापासून आमच्या घरात कुणी उगाच उच्चारत नाही. आमच्याकडे दात हलत नाही, ढिला होतो. पाळणा हलवत नाहीत, झोका देतात.

वडील गेले तरी आईनं शेड सोडली नाही. आता ती नांदेडला आली आणि आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तिनं दारातूनच बघून घेतला.

“वर सिलॅप, खाली सिलॅप, मदी आपुन सारण,” ती म्हणाली आणि वळकटी उचलून खाली पार्किंगमध्ये गेली. वॉचमनच्या खाटेजवळ तिनं आपली सतरंजी टाकली. सासूबाई स्कुटरींच्या रांगेत झोपल्यात हे बघून नवऱ्याला मान वर करायची सोय उरली नाही. तो सारखा खाली जाऊन वॉचमनला कारण नसताना बिड्या देऊ लागला.

तपासणीला डॉक्टर आईवर चांगलेच चिडले. पार्किंगची धूळ, गाड्यांचा धूर. असंच चाललं तर डोळा हातचा जाईल, असं त्यांनी तिच्यादेखत स्पष्ट सांगितलं. मी रिक्षात बसल्यापासून रडकुंडीला आले होते. आई शांत होती.

“गेला तर एक डोळाच जाईन नं,” ती म्हणाली. “तुमच्यातलं कुणी जायाचं न्हाई.”

मी हात टेकले. घरी येऊन संतापाच्या भरात मी कोंबड्याचं परीक्षण करायला बसले, कारण मला कुणाला तरी नापास करायचं होतं. आई हिरवी पट्टी बांधून स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. नवरा दाढी करत होता. मी मोबाइल लावला, टेबलावर कोंबडा ठेवला आणि हळूच बोटं काढून घेतली. तो उभा राहिला! मी श्वास रोखून धरला. खालून एक टेम्पो गेला, तुरा थरथरला, आणि मी सगळं भान विसरून प्रेक्षकांना ओरडून सांगितलं, “हाललं! हाललं! बघा, गेलं!”

त्यानंतरचं सगळं त्या व्हिडिओत ऐकू येतं. आधी लसणाचं ताट पडलं. मग माझी वेणी धरली गेली, जी आता वेणी म्हणण्याइतकी उरलेली नाही, त्यामुळे जास्त दुखलं. नवऱ्याला बनियनला धरून बाहेर काढलं गेलं. जिन्यात आई प्रत्येक दारावर थाप मारत होती आणि तिचा आवाज सगळ्या इमारतीत घुमत होता. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या खाला आहेत. त्या गळ्यात टेप घालून बाहेर आल्या आणि त्यांच्यामागून एक गिऱ्हाईक बाई, टाचण्या लावलेला एकाच बाहीचा ब्लाउज घालून.

सगळे पार्किंगमध्ये उभे राहिलो. आईनं माणसं मोजली.

“क्या हुआ अम्मा? कायकू भगाए सबकू?” खालांनी धापा टाकत विचारलं.

“हाललं!”

“क्या हाल्या?”

आईनं माझ्याकडे बोट केलं. “हिनं बघितलंय.”

सगळी इमारत माझ्याकडे वळली. माझ्या एका हातात चालू मोबाइल होता आणि दुसऱ्या हातात कोंबडा. मी कोंबडा वर केला. हे हाललं, असं मी बारीक आवाजात म्हणाले. बाईंच्या ब्लाउजमधली एक टाचणी खाली पडली. नवऱ्याच्या एका गालावरचा फेस वाळत चालला होता आणि तो अशा काही नजरेनं माझ्याकडे बघत होता की तो साडेसहाचा चहा त्याला अजून आठवत असणार.

आई रागावेल असं मला वाटलं. तिनं माझ्या हातातून कोंबडा घेतला, चांगल्या डोळ्याजवळ नेला आणि स्कुटरच्या सीटवर ठेवला. तो पडला. वॉचमनच्या स्टुलावर ठेवला. वॉचमन उठून बघायला आला तर कोंबडा तेवढ्यानंही पडला.

“ह्यो कशानं पडतो गं?”

“कशानंही पडतो आई. म्हणून तर त्याला उणे गुण देऊन राहिले.”

“उणे?” आई म्हणाली. “लई गुणाचा हाय की ह्यो.”

त्याच संध्याकाळी तिनं आपली वळकटी आपणच वर आणली. आमच्या बैठकीत परात मांडली, परातीत पालथा पेला, पेल्यावर कोंबडा. मग ती स्लॅबखाली आडवी झाली. इतक्या वर्षांत कुणाला जमलं नाही ते एका सदोष खेळण्यानं करून दाखवलं. नवरा तर कोंबड्याला वाकून नमस्कार करायचाच बाकी होता.

व्हिडिओ मी काटछाट न करता टाकला. माझा कुठलाही व्हिडिओ इतका पाहिला गेला नव्हता. खाली लातूरकडच्या लोकांनी लिहिलं होतं की आवाज ऐकून तेही घराबाहेर पळाले होते आणि मला लाज वाटायला पाहिजे. विकणाऱ्यानं दिलगिरी कळवली आणि बदली कोंबडा पाठवला. हा नवा कोंबडा पाय रोवून उभा राहायचा. आईनं त्याच्याशेजारी जमिनीवर पाय आपटले, परात वाजवली, शेवटी फुंकर घातली.

“घर पडलं तरी ह्यो मेला सांगायचा न्हाई,” तिनं निकाल दिला आणि तो माझ्याकडे परत केला.

सगळं मार्गी लागलं असं मी धरून चालले होते. पण पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. डोळा लाल होता, धुळीनं नव्हे, जागरणानं. तुम्ही झोपताच नाही का, त्यांनी आईला विचारलं. आईनं छताकडे बघितलं.

घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. “कोंबडा असताना कशाला जागतेस?”

“कोंबडा काय, पडंल,” ती म्हणाली. “पण त्यो पडल्यावर उठून तुमाला वढाया कुणीतरी जागं पायजे का न्हाई? तुपली झोप तुझ्या बापासारखी. गाडी अंगावरून गेली तरी कळायचं न्हाई.”

“मग लातूरला, शेडमध्ये?”

“फाटकापशी बसलं का वरच्या पोरायला लवकर हाक जाती.”

“आणि झोपायचीस कधी?”

“दुपारी लवंडायची की. तू शाळंतून आली का.”

मी शाळेतून आले की आई पदर तोंडावर घेऊन आडवी व्हायची. मी आल्यावर ही झोपतेच कशी, याचा मला तेव्हा राग यायचा. आई भित्री आहे, स्लॅबला घाबरते, हे आम्ही इतकी वर्षं पाहुण्यांना हसत सांगत आलो होतो. मला भरून आलं. तिचा संतापही आला, कारण तिनं हे कधी सांगितलं नव्हतं, आणि माझा त्याहून जास्त आला.

“आत्ता तू झोप,” मी म्हणाले. “मी राखण करते.”

आईनं मला चांगल्या डोळ्यानं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला किती गुण मिळाले ते कळलं नाही, पण पास झाले असावे.

“यिडिओ करत बसू नगंस.”

“न्हाई करत.”

ती पलंगावर गेली, भिंतीला हात लावून पाहिला आणि आडवी झाली. मी परात जवळ ओढली आणि पेल्यावर कोंबडा बसवला. थोड्या वेळानं असा एक आवाज यायला लागला की मला आधी वाटलं खालच्या मजल्यावर काही बिघडलंय. आई घोरत होती. माझी आई घोरते हे मला माहीत नव्हतं.

भर दुपारी खालांनी शिलाई मशीन सुरू केली. तुरा थरथरला. मी हात पुढं केला, पण तोवर कोंबडा तोंडावर पडला आणि परात खणखणीत वाजली.

“हाललं?” आईनं डोळे न उघडता विचारलं.

“न्हाई. कोंबडा पडला.”

“तू जागी हायेस न्हवं?”

“हाव.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा घोरायला लागली.

मी कोंबडा उचलून पेल्यावर ठेवला आणि ती उठेपर्यंत तिथून उठले नाही.