काउंट तर चांगला आहे

माझ्या धाकट्या बहिणीला मी वर्षानुवर्षं नाटकी म्हणत आले. लहानपणी तिच्या नाकातून रक्त यायचं तर तासभर थांबायचं नाही. आई कांदा हुंगवायची, गुलकंद चारायची, उष्णता झाली म्हणायची. पुढे मी वसईत एका लॅबमध्ये टेक्निशियन झाले आणि दरवेळी तिच्या प्लेटलेट मोजून तिलाच ऐकवायचे, काउंट तर चांगला आहे, अडीच लाख, उगाच नाटकं करू नकोस.

यंदा ती आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली, आमच्या फुलपाड्याच्या फ्लॅटवर. एका सकाळी हिरडीतून आलेलं रक्त दुपारपर्यंत थांबेना. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी काउंटचा कागद बाजूला सारला आणि बोटातला थेंब थेट काचेवर घ्यायला सांगितला. मी काच मायक्रोस्कोपखाली धरली. अशा थेंबात प्लेटलेटचे पुंजके दिसायला हवेत. इथे एकूणएक सुट्या. हे खरं असेल तर बाळंतपणात हिचं रक्त थांबणार नव्हतं.

प्लेटलेटच्या अंगावर सीडी४१ आणि सीडी६१ अशी प्रथिनांची जोडी असते. तिच्याच जोरावर त्या एकमेकींना धरतात. म्हणजे इतकी वर्षं मी नुसते ब्लाउज मोजत होते, हूक आहेत का ते बघितलंच नाही. ती जोडी तपासायचं यंत्र मुंबईच्या एका मोठ्या लॅबमध्ये. तुलनेसाठी त्यांना त्याच वेळी काढून सोबत पाठवलेलं, नात्यात नसलेल्या निरोगी माणसाचं रक्तही हवं होतं. मला कुठला धीर! शेजारीपाजारी कोणाला विचारत बसू? स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधला, नळी भरली आणि फॉर्मवर बेधडक ‘नॉर्मल’ लिहिलं. गाडी करून दोन्ही नळ्या स्वतः पोचवल्या.

दोन दिवस मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांचा फोन आला. बहिणीच्या प्लेटलेटवर ती दोन्ही प्रथिनं जवळजवळ नाहीतच, म्हणाले.

“आणि हे नॉर्मल म्हणून कोणाचं पाठवलंत? यात ती निम्मीच आहेत.”

“माझं,” मी म्हणाले. “सख्खी मोठी बहीण.”

त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी आपल्याकडचं रक्त लावून पुन्हा तपासलं, म्हणून निदान पक्कं झालं. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत. आई म्हणजे बाबांची मामेबहीणच. एकाच घराण्यातला दोष दोघांकडून खाली आला, मला अर्धा आणि तिला पुरा. अर्ध्याचा मला कधी त्रास झाला नाही.

घरी सगळं सांगितलं. आजार जन्माचा आहे, बाळंतपण आता मुंबईला, दात्यांच्या प्लेटलेट हाताशी ठेवून. आई रडायला लागली. बहिणीने मात्र एवढंच विचारलं,

“ताई, म्हणजे मी नाटकं करत नव्हते ना?”

“नव्हतीस गं,” मी म्हणाले, आणि तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडले.

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“पुरे. आता तू नाटकं करू नकोस.”