विषय : नवजात बाळ

माझा मुलगा चार दिवस जगला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर एका जंतूचं लांबलचक नाव लिहून दिलं. हा जंतू पुष्कळ बायकांच्या अंगात गुपचूप राहतो, आईला त्रास देत नाही, बाळंतपणात बाळाला लागतो. दिवस भरत आले की कापसाच्या काडीने नमुना घेऊन तपासायचं आणि सापडला तर कळा सुरू झाल्यावर सलाइनमधून औषध द्यायचं. मी विचारलं, मग माझी तपासणी का केली नाही? त्या म्हणाल्या, आपल्या आरोग्य केंद्रात ती होत नाही. हे त्यांनी इतक्या सरळ सांगितलं की रागवायला जागाच उरली नाही. राग नंतर आला आणि मग मुक्कामालाच राहिला.

पुढच्या वर्षी धाकट्या जावेला दिवस गेले. तपासणी म्हापशात खाजगीत होते, चल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "नको गो वहिनी. मुद्दाम म्हापशाक गेलंय तर माका कायतरी झालां म्हणान गावभर जातला. हय केंद्रात सगळ्यांची करतत तर करतंय." तिच्या डोळ्यांत भीती होती आणि ती भीती माझ्याकडे बघूनच आलेली होती. म्हणजे तपासणी केंद्रातच आणायला हवी होती, आणि तीही तिचे दिवस भरायच्या आत.

मी मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्या हळर्णे गावात अर्ज लिहायचा तो मीच. आमदारांना अर्ज लिहिला. विषय थोडक्यात लिहावा असं मुलांना शिकवते, म्हणून लिहिलं, 'नवजात बाळाबाबत'. खाली दीड पान मजकूर. मग बचत गटाच्या बायकांच्या सह्या घेत गावातल्या दोन वाड्या फिरले. बायका न वाचता सह्या करत होत्या, कारण आमच्याकडे सह्यांचा कागद पाण्यासाठीच फिरतो. एकीने सहीशेजारी 'आमच्या नळाक पाणी नाय' असं लिहूनही टाकलं. मी खोडलं नाही. खरंच नव्हतं.

आमदारांच्या कार्यालयात त्यांच्या माणसाने विषय वाचला, मान डोलावली आणि आमचा पत्ता एका वहीत उतरवून घेतला. फार पटकन काम झालं असं वाटून मी खूश होऊन घरी आले.

आमच्या भागात आमदार लग्न चुकवत नाहीत, दिवसकार्य चुकवत नाहीत आणि बारसं तर मुळीच चुकवत नाहीत. त्या वहीत काय होतं हे मला एका रविवारी सकाळी कळलं. दारात गाडी थांबली. आमदार उतरले, मागून चार कार्यकर्ते, एकाच्या हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्याच्या हातात झबल्या-टोपड्यांचा खोका. सासूबाईंनी सवयीने खुर्च्या मांडल्या.

"बाळ खंय आसा? भायर हाडा मगे," आमदार हसत म्हणाले.

सासूबाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी म्हटलं, "आमचो झील चार दिसांचो आसताना गेलो. अर्जात सगळा लिवलेला आसा."

गुच्छवाल्याने गुच्छ पाठीमागे नेला.

"माका कोणी सांगूक नाय," आमदार म्हणाले.

"तुमी वाचूक नाय," मी म्हणाले. आवाज चढला होता. चढू दिला.

त्यांनी अर्ज मागितला. माझ्याकडे प्रत होती. सोप्यावर बसून त्यांनी तो पहिल्या ओळीपासून वाचला, बोट ठेवून, सह्यांपर्यंत.

"ह्या नळाचा कित्या?"

"ता वेगळा."

त्यांनी तिथेच बसून आरोग्य खात्यात कुणाला तरी फोन लावला. तासभर बसले. पुढेही फोन करत राहिले, हे मानायला हवं. जावेला नववा लागला त्याच आठवड्यात केंद्रात काड्यांची खोकी आली आणि बाहेर आमदारांच्या फोटोसह आभाराचा फलक लागला. फोटो जंतूच्या नावापेक्षा मोठा होता. असेना का.

जाऊ नर्सबरोबर पडद्याआड गेली. मी बाकावर बसले आणि उगाच भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ती बाहेर आली तेव्हा साडी सारखी करत हसत होती. "इतक्याच? दोन मिन्टां पण लागूक नाय गो!"

तपासणीत जंतू सापडला. कळा सुरू होताच तिला औषध मिळालं आणि तिची मुलगी आता भिंतीला धरून उभी राहते. पण त्या दिवशी जाऊ हसत होती आणि मला तिच्या हसण्याचा भयंकर राग आला. दोन मिनिटं. मी तिला म्हटलं, "होय, इतक्याच," आणि तिच्यासमोर, नर्ससमोर, रांगेतल्या सगळ्या पोटुशा बायकांसमोर माझ्या मुलासाठी पहिल्यांदा मोठ्याने रडले.