कॉन्चेर्टोतली मोकळी जागा

आपण पियानो शिकणार हे मुलीने परस्पर ठरवलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही. लग्नाआधी पुण्यात मी वर्षानुवर्षं गाणं शिकलेली. नंतर आखातात, अजमानला संसार थाटला तेव्हा तानपुरा काही आणता आला नाही, पण पेटी आणली होती, आणि पोरगी जरा मोठी झाली की तिला समोर बसवायचं हे मी ती पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. तशी बसवलीही. गळा गोड, ताल पक्का, मी आपली मनात खूश. मग शाळेत कुणीतरी पियानो वाजवला, तो हिने ऐकला, आणि घरी येऊन जाहीर केलं, "नो मोअर पेटी, आई." मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची रीतच होती.

नवऱ्याकडे तक्रार नेली. तो हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीत कामाला, संध्याकाळी दमून यायचा. शिकू दे की, म्हणाला, काय फरक पडतो. त्याला खरंच पडत नाही. तो पेटी ऐकताना झोपतो आणि पियानो ऐकतानाही झोपतो; संगीतात त्याच्याकडे भेदभाव नाही. कुणी एक इंग्रज कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांचा जुना पियानो त्यानेच मिळवला. लिफ्टमध्ये तो मावेना, म्हणून माणसांनी "यल्ला, यल्ला" करत जिन्याने वर चढवला, आणि प्रत्येक मजल्यावरचे लोक दार उघडून बघत उभे. माझी पेटी कपाटावर गेली.

शिकवणाऱ्या मॅडम शारजात राहायच्या. रशियाकडच्या होत्या, उंच, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. मुलीला गाडीने न्यायचं-आणायचं काम माझं, त्यामुळे तास संपेपर्यंत त्यांच्या सोफ्यावर बसून राहणंही माझंच. समोरच्या भिंतीवर तीन तसबिरी होत्या, दोनशे वर्षांपूर्वीचे व्हिएन्नाचे तीन संगीतकार. नावं माझ्या जिभेवर नीट बसेनात, म्हणून मी त्यांना आपली घरगुती नावं देऊन टाकली. पहिले आजोबा: आयुष्यभर एका सरदाराच्या पदरी नोकरी केलेले, ढिगाने सिम्फनी लिहिलेले आणि मुलखाचे मिश्कील. एका सिम्फनीत ते हळूहळू, अगदी हळूहळू वाजवत नेतात आणि एकदम दणका देतात, पेंगणाऱ्यांनी दचकून उठावं म्हणून. ही माझ्या नवऱ्यासाठीच लिहिली असणार याबद्दल मला शंका नाही. दुसरा पोरगेला, ज्याला सगळं लहानपणीच यायला लागलं आणि जो तरुणपणीच गेला. तिसरा तिरसट, केस विस्कटलेला, पुढे कानांनी दगा दिलेला. माझा अर्थातच तिसऱ्यावर जीव.

ऐकता ऐकता मला त्यातलं कळायला लागलं, आणि खरं सांगते, मजा यायला लागली. मॅडम सोनाटाची बांधणी समजावून सांगायच्या. आधी एक सुरावट येते, घरच्या सुरात. मग दुसरी येते, ती पंचमाच्या घरी जाऊन बसते. मग मधल्या भागात दोघी गावभर हिंडतात, भांडतात, वाट चुकतात. आणि शेवटी दोघीही पहिलीच्याच घरी येऊन नांदतात. मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर संसाराचंच वर्णन झालं! राँडो निघाला की मला आपलं ध्रुवपद दिसायचं, फिरून फिरून येणारं. एकच चाल घेऊन तिची रूपं बदलत नेतात, तिथे तर आमची बढतच. गाडीत बसल्या बसल्या मी हे सगळं मुलीला सांगायची. ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "दॅट्स युवर म्युझिक, आई. धिस इज डिफरंट."

डोक्यात तिडीक जायची माझ्या. पण मला नेमकं काय बोचत होतं तेही सांगते. परक्या देशात, ना आजी जवळ ना मावशी, या पोरीला स्वतःचं म्हणून द्यायला माझ्याजवळ एवढी एकच गोष्ट होती. आणि तिला ती नको होती.

ती तेरा-चौदा वर्षांची झाली तेव्हा मॅडमनी तिला पोरगेल्याच्या एका कॉन्चेर्टोचा पहिला भाग दिला. एकटा पियानो आणि समोर अख्खा वाद्यवृंद, असा तो प्रकार. आमच्याकडे वाद्यवृंद कुठला. मॅडम त्याची बाजू दुसऱ्या पियानोवर वाजवायच्या. भाग संपत आला की वाद्यवृंद एका सुरावर येऊन थांबतो, आणि पुढे त्या गृहस्थाने कागदावर काही लिहिलेलंच नाही. मोकळी जागा. कडेन्झा म्हणतात तिला. तिथे वाजवणाऱ्याने एकट्याने, मनाला येईल तसा विस्तार करायचा, शेवटी रिषभावर बोट थरथरत ठेवायचं, की वाद्यवृंद त्याला षड्जावर उचलून घेतो. हे ऐकून मी सोफ्यावरून उठलेच. म्हणजे जागच्या जागी सुचेल ते! म्हणजे हेही लोक तेच करत होते! मॅडम म्हणाल्या, तेव्हा करत असत. आता सगळे कुणीतरी लिहून छापलेली कडेन्झाच पाठ करतात. त्यांनी तशी छापील कडेन्झा मुलीला दिलीसुद्धा.

घरी आल्यावर मी तिच्या मागे लागले. जागा मोकळी ठेवली आहे ना, मग दुसऱ्याचं कशाला घोकतेस, स्वतःचं कर की. मी दाखवते. ती म्हणाली की कुणीही असं करत नाही. मी पियानोशेजारी बसून टाळी धरायला लागले, तर तिने पियानोचं झाकण बंद केलं.

"खलास, आई. प्लीज डोन्ट सिट हिअर."

त्यानंतर तिच्या रियाजाच्या वेळी मी स्वयंपाकघरात. दार बंद. पण स्वयंपाकघराच्या दाराने कुठे सूर अडतात? ती छापील कडेन्झा कणीक मळता मळता मला पाठ झाली, आणि मी ती गुणगुणले की आतून "आईऽऽ" अशी हाक यायची.

कार्यक्रम शारजातल्या एका लहानशा सभागृहात होता. नवऱ्याकडे व्हिडिओ कॅमेऱ्याचं काम सोपवलेलं. त्याने कॅमेरा आणला होता, बॅटरी चार्ज केली नव्हती. मी भांडायच्या बेतात होते तोवर मुलगी स्टेजवर आली. निळा ड्रेस, चेहरा पांढराफटक. सुरुवात मात्र झकास केली. माझा जीव भांड्यात पडला. मग ती जागा आली. मॅडमनी हात मांडीवर ठेवले.

छापील कडेन्झाची पहिली ओळ आली. दुसरी अर्धी आली. आणि पुढचा सूर आलाच नाही. पुढे काय आहे ते मला ठाऊक होतं, ओठावर होतं, ओरडून सांगावंसं वाटत होतं. तिने तीच अर्धी ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तिथेच अडली. मॅडमनी वळून तिच्याकडे पाहिलं.

मग तिने डावा हात खालच्या सुरांकडे नेला आणि पोरगेल्याची पहिली सुरावट धरली, अगदी हळू, त्यातले चारच सूर. ते उलटसुलट केले. एक सूर वाढवला, फिरून आली. आणखी एक वाढवला, फिरून आली. अहो, ही तर बढत! पेटीसमोर बसवून शिकवलेली! दोन्ही हात वेगात आले, वर चढले, उतरले, आणि उतरता उतरता तिने एक छोटा तुकडा उचलला. एकदा. दोनदा. मी मांडीवर टाळी धरली होती हे मला नंतर कळलं. तिसऱ्यांदा तोच तुकडा, आणि त्याचं शेवटचं टोक बरोबर रिषभावर. चोख तिहाई! बोट थरथरायला लागलं, मॅडम षड्जावर तुटून पडल्या, आणि माझ्या तोंडून "क्या बात है" निघून गेलं. असल्या मैफिलीत मधे श्वासही जपून घ्यायचा असतो. पुढच्या रांगेतली एक गोरी बाई मागे वळून बघत राहिली. नवरा जागा झाला.

आता मॅडम काय म्हणतात या धाकाने मी विंगेत गेले. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांचे गुरू असं वाजवायचे, म्हणाल्या, स्वतःला मात्र आयुष्यात कधी धीर झाला नाही. मग मुलीला म्हणाल्या, पियानोच्या परीक्षेत हेच वाजव, पण बसवून, नीट लिहून आण. मुलगी मान डोलावत राहिली आणि गाडीत बसल्यावर रडायला लागली. तिला एक सूर आठवत नव्हता. भीतीने डोकं रिकामं झालं होतं, जे वाजवलं ते हातांनी वाजवलं, ते गेलं. कॅमेरा बंद. नवरा गाडी चालवत होता.

मी म्हटलं, "रडू नकोस. माझ्याजवळ आहे सगळं."

आम्ही असंच तर शिकलो. गुरू एकदा गाणार, ते धरून ठेवायचं. कागद कसला नि पेन्सिल कसली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथली सुट्टी. सकाळी चहा व्हायच्या आधीच ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, आणि माझा हात धरून मला खोलीत घेऊन गेली. जेवायच्या टेबलाची एक खुर्ची आधीच पियानोला लावून ठेवलेली. मी विचारलं, सा कुठला? तिने एक पट्टी दाबली. मी डोळे मिटले आणि सरगम गायला लागले. मी एक ओळ गायची, ती पियानोवर ताडून बघायची, मग आपल्या स्वरलिपीच्या वहीत पाच रेघांवर ठिपके मांडायची. दुपार झाली. नवऱ्याने खिचडी लावली, ती खाली लागली, आम्ही तशीच खाल्ली.

तिहाईच्या जरा आधी तिने पेन्सिल थांबवली. दोनदा वाजवून बघितलं. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, आणि तेही चक्क मराठीत, "आई, हे मी नव्हतं वाजवलं. ही हरकत तू तुझी घातलीस."

घातली होती. गाता गाता गेली गळ्यातून, माझा नाइलाज होता. मी म्हटलं, बरं, खोड.

तिने खोडरबर उचललं. तो तुकडा पुन्हा एकदा वाजवला, मग आणखी एकदा, जरा सावकाश.

"राहू दे," ती म्हणाली. "पुढचं गा."