तिनातला एक, चारातला एक

सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी गाड्यावर टरबूज ठोकून बघत होतो. "भाऊजी, या..." एवढंच. टरबूज तिथंच ठेवलं. दिगंबरचा आकडा संपला, हे मला न सांगताच कळलं होतं.

दिगंबर माझा शाळेपासूनचा दोस्त, पुढं गणिताचा मास्तर झाला. आवाज असा की त्यानं सिडकोत पाढा म्हटला तर तिकडं वाळूजच्या कारखान्यांत शिफ्ट सुटायची. अपूर्णांक शिकवायचा तो टरबुजावर. उन्हाळ्यात घरी आलेल्या माणसाची परीक्षा घेतल्याशिवाय त्याच्या हाती फोड पडत नसे. सुरी उगारून विचारायचा, "बोल, तिनातला एक घेतो, का चारातला एक?" पहिल्या खेपेला मी हावरटासारखा "चारातला!" म्हणालो आणि एवढीशी फोड पदरात पडली. "अरे येड्या, खालचा आकडा वाढला की वाटा बारीक होतो!" तो असा हसला की गच्चीवरची कबुतरं उडाली ती थेट अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला जाऊन उतरली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मग त्याच्या किडन्या बिघडल्या. टरबूज खायचं बंद झालं. कापायचा मात्र तोच. डॉक्टर आधी म्हणाले, काम निम्म्यावर आलंय. पुढच्या तपासणीत तिसरा हिस्सा उरला. त्या दिवशी मी त्याच्यासोबत दवाखान्यातून आलो. खुर्चीत बसता बसता हा गरजला, "सुमन, साखर आण! आकडा वाढला, दोनाचं तीन झालं!" वहिनींनी खरंच वाटी आणली. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर टेबलाखालून त्यानं नडगीवर अशी लाथ घातली की अजूनही पाऊस येणार हे हवामान खात्याच्या आधी मला कळतं. ती साखर जिभेवर विरघळेना.

तिनाचं चार झालं. चाराचं पाच... दर वेळी साखर, दर वेळी तीच गर्जना, फक्त ती आता शेजारच्या खोलीतही पोचत नव्हती. आकडा चढत होता आणि माणूस फोडीसारखा बारीक होत चालला होता. शेवटच्या भेटीत त्यानं माझं मनगट धरलं. "तिला कळू देऊ नको. हसती हाय तोवर हसू दे."

तो गेल्यावर काही आठवड्यांनी घरी गेलो. वहिनींनी टरबूज पुढ्यात घेतलं. सुरी तीच, मुठीला त्याच्या अंगठ्याची खाच पडलेली.

"भाऊजी, तिनातला एक घेता, का चारातला?"

"तिनातला," मी कसंबसं म्हणालो.

त्यांनी सालीवर सुरी टेकवली, दाबली नाही. "दोनाचं तीन झालं म्हणले ना, तव्हाच कळलं होतं मला. इतकी वर्षं फोडी उचलून देत होते की मी... पण लई खुशीत साखर मागितली हो त्यांनी."

मग सुरी खाली गेली आणि टरबूज कर्रकन उकललं. तीन फोडी. एक माझ्यापुढं, एक त्यांच्यापुढं. तिसरी ताटलीत तशीच राहिली आणि आम्ही दोघं तिच्याकडं न बघता खात राहिलो.