सावलीवाल्याचा नवा पहिला अंक

कुरिअरवाल्याने पाकीट फाटकावरूनच आत भिरकावलं आणि मी चपला न घालताच अंगणात धावले. चाळिशी उलटलेल्या, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे शोभत नाही, ठाऊक आहे. पण तीस वर्षांपूर्वी बंद पडलेली आमची चित्रकथा नव्याने सुरू झाली होती आणि तिचा पहिला अंक माझ्या हातात येत होता. रविवारची दुपार होती, घरात कुणी नव्हतं. आत येऊन उभ्यानेच वाचायला लागले.

पहिल्या दहा पानांतच माझं डोकं फिरलं. चित्रकथेतली ही टोळी मुळात वेंधळ्यांची. शिंकली की गल्लीतली सगळी घड्याळं बंद पाडणारी बाई, फक्त भांडत असतानाच उडता येणारे जुळे भाऊ, आणि ज्याच्या सावलीला वेगळे हात आहेत असा एक किडकिडीत माणूस. जग वाचवताना त्यांना लाज वाटायची, म्हणून तर ते आम्हाला आपले वाटायचे. नव्या अंकात जुळ्यांना तालमीतले दंड दिलेत आणि बाईला काळा चकचकीत कोट. वेंधळेपणाचीसुद्धा फॅशन करून टाकली यांनी! रंग इतके काळपट की दिवसाढवळ्या दिवा लावावा लागला. भांडणं मात्र फर्मास आहेत. उडता उडता जुळ्यांचा समेट होतो आणि दोघं धाडकन एका लग्नाच्या मांडवावर कोसळतात, तिथे मी एकटीच मोठ्याने हसले.

सावलीवाल्यावर माझा लहानपणापासून राग. त्याचं मूळ आमच्या वाचायच्या पद्धतीत होतं. राहात्यात आमच्या घरी अंक यायचा एक, वाचणारे दोघं, मी आणि दादा, आणि थांबायची तयारी कुणाचीच नाही. मग दादा चाकूच्या टोकाने मधल्या पिना उपसायचा आणि अंकाचे दोन वाटे करायचा. वरचे कागद त्याचे, आतले माझे. म्हणजे सुरुवात आणि शेवट त्याच्याकडे, मधली पानं माझ्याकडे. माझं वाचून होईस्तोवर त्याचा वाटा शाळेत फिरायला गेलेला असायचा आणि तो काही परत यायचा नाही. मधल्या पानांत तर दर महिन्याला तेच. सावली मित्रांचे खिसे साफ करते आणि सावलीवाला तो माल शत्रूच्या दारात नेऊन टाकतो. "अगं, तो आपल्यातलाच हाय," दादा म्हणायचा. मला वाटायचं, चिडवतोय.

नव्या अंकात अकराव्या पानावर चौघं चहा पीत बसलेत. सावलीवाला म्हणतो, नेहमीसारखा मीच फितूर होतो. तुम्ही मला शिव्या घाला, आणि मनापासून घाला, नाहीतर त्यांना संशय येईल. बाकीचे मान डोलावतात. दर वेळी असंच ठरलेलं असायचं म्हणे, अगदी सुरुवातीला, दादाच्या वाट्याला जायच्या त्या पानांत.

मी पान उलटलं आणि परत मागे आले. उठून चहा ठेवला, तो उतू गेला. वह्या तपासायला घेतल्या, दोन तपासून बाजूला सारल्या. जीव कशातच लागेना.

दादाशी मी दीड वर्ष बोलले नव्हते. आईच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते आणि हा सकाळी दहा मिनिटं येऊन उभा राहायचा, की चालला पेरूच्या बागेत. आई गेली तेव्हाही हा बागेतच. दहाव्याला साऱ्या भावकीसमोर मी म्हणाले, "आई जात होती तेव्हा तू पेरू तोडत होतास." तो उठून पाहुण्यांना पाणी द्यायला गेला. दोन भाऊबिजा तशाच गेल्या. माझंच बरोबर आहे, असं मी स्वतःला रोज सांगत होते. त्या दुपारी मात्र ते सांगून भागेना.

अंक डिकीत टाकला आणि स्कूटी काढली. बाग तीन किलोमीटरवर. दादा शेडमध्ये क्रेट भरत होता. मला बघून त्याचे हात थांबले नाहीत.

काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणाले, "तो सावलीवाला फितूर नव्हता."

"तीस वरसं झाली सांगून," तो म्हणाला. "तू कुठं ऐकतीस."

मग मात्र मला राहवलं नाही. "दादा, तू दवाखान्यात थांबत का नव्हतास?"

त्याने हातातला पेरू पुसला, क्रेटमध्ये ठेवला, दुसरा उचलला.

"आईच जा म्हनायची. तू समोर असलास की मला रडता येत न्हाई, म्हनायची. पोरीजवळ येतं."

"मग दहाव्याला बोलला का नाहीस?"

"तू आठ दिवस जागी हुतीस. लई दमली हुतीस." एवढं बोलून तो कागदाचे तुकडे क्रेटमध्ये खोचत राहिला.

मी तिथेच रिकाम्या क्रेटवर बसले. आई माझ्याजवळ रडायची, हे खरं होतं. रोज रडायची. आणि दादा थांबत नाही म्हणून रडतेय, असं मी आठही दिवस धरून बसले होते. तिला एकदाही विचारलं नव्हतं.