रेखाचं वाढलेलं वजन

उपकेंद्रात अकरा वर्षं नर्स म्हणून काढली की किस्से साठतातच. बाकीच्या सिस्टर एकत्र जमल्या की पेशंटचे किस्से सांगतात आणि खिदळतात. माझ्या किश्शांत मात्र खाली बघायची पाळी माझ्यावरच येते. हसा खुशाल.

आमचं उपकेंद्र जळकोट तालुक्यात. दर मंगळवारी गरोदर बायांची तपासणी. मी आणि आशा कार्यकर्ती कांताबाई, एवढाच स्टाफ.

*

भिंतीवर आहाराचं पोस्टर होतं. दूध, उकडलेली अंडी, पालेभाजी, सगळं रंगीत. रेणापूरकडची एक नवी सून दुसऱ्या महिन्यात आली आणि पोस्टरकडे पाठ करून बसली. मला वाटलं, मुद्दाम करते. "इकडं बघ गं, तुझ्यासाठीच लावलंय," म्हणत मी तिला वळवलं. तिनं अंड्याकडे बघितलं आणि थेट माझ्या रजिस्टरवर ओकली.

वर मीच तिला रागावले. कांताबाईनं फरशी पुसली आणि शांतपणे विचारलं, "सिस्टर, पोस्टर बी काढू का?"

*

फॉर्मवर 'आहार' असा रकाना असतो. मी सुनेला विचारायची, "जेवण जातंय का?" शेजारची सासू सांगायची, "लई जेवती की. माझ्यापेक्षा जास्त." मी लिहायची, 'आहार चांगला'. सून पदराशी चाळा करत बसायची.

एका मंगळवारी सगळ्या गेल्यावर कांताबाई म्हणाली, "सिस्टर, इतकी वर्षं तुम्ही सासवांचाच आहार लिहून राहिल्या."

*

खरं सांगायचं तर मला हे कळायला हवं होतं. माझ्या पहिल्या गरोदरपणात नांदेडला पहिले तीन महिने मी मुरमुऱ्यांवर आणि चिंचेच्या गोळ्यांवर काढले. फोडणीचा वास आला की गच्चीवर पळायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बिनदिक्कत सांगितलं, "दोन्ही वेळा वरण-भात, भाजी."

आणि हीच मी बायांना सांगत होते, "औषध समजून गिळायचं, त्यात काय एवढं?" आठवलं की अजून कान गरम होतात.

*

आता रेखाचा किस्सा. तिची पोरगी हल्ली अंगणवाडीत जाते, म्हणूनच सांगायची हिंमत करते.

रेखा तिसऱ्या महिन्यात. आधी एकेचाळीस किलो होती, पुढच्या मंगळवारी साडेएकोणचाळीस भरली. "काहीच टिकंना सिस्टर," एवढंच म्हणाली. बाहेर वीस बाया रांगेत, माझं डोकं फिरलेलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "पोटातल्या लेकराची तरी कीव कर. अन् ऐक, वजन वाढल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई." तिनं मान हलवली. कांताबाई माझ्याकडे बघत राहिली.

पुढच्या मंगळवारी रेखा एकटीच आली. तोंड सुकलेलं, ओठांना भेगा. पण काट्यावर उभी राहिली तर साडेचाळीस! मला काय आनंद झाला. चेहऱ्याकडे बघायचं सोडून मी आकड्याकडेच बघत राहिले. रांगेतल्या बायांना म्हणाले, "बघा, मनावर घेतलं की होतं. टाळ्या वाजवा." बायांनी वाजवल्या. रेखा भिंतीला धरून उभी होती.

मग तिला तपासणीच्या टेबलावर झोपायला सांगितलं. ती चढायला गेली आणि साडीतून काहीतरी धाडकन फरशीवर पडलं. रुमालात बांधलेली किलो-किलोची दोन लोखंडी वजनं. तिच्या सासूच्या भाजीच्या गाड्यावरची.

रांगेतली एक बाई हसली. मी ओरडले, "हे काय गं?"

रेखा वजनं उचलायला वाकली, पण तिला उठता येईना. खाली बसूनच म्हणाली, "वजन वाढल्याबिगर यायचं न्हाई म्हणला होता ना सिस्टर. अन् मला तर यायचंच होतं. दोन दिवस झालं, पाणी बी टिकंना."