राठोडबाईंचं बसकर

बातमी आली ती मोबाइलवर, आमच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या गटावर. वर एक संदेश होता, ‘गणवेशाची माहिती आज चारच्या आत तात्काळ सादर करावी.’ खाली एक होता, ‘ज्या शाळांची माहिती अप्राप्त आहे त्यांनी गांभीर्याने घ्यावे.’ आणि या दोघांच्या मधे चेपून बसवल्यासारखा तिसरा, ‘आपल्या सहकारी राठोड मॅडम यांचे आज पहाटे हृदयविकाराने निधन झाले.’ त्याखाली कुणीतरी अंगठा दाखवला होता. गणवेशाच्या संदेशाला द्यायचा अंगठा घाईघाईत तिथे पडला असेल, मला कळतं ते, पण त्या क्षणी मी इतका संतापलो की फोन खाटेवर आपटला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली. तिला काय सांगू? बराच वेळ मी त्या अंगठ्याच्याच नावानं बोटं मोडत बसलो. मग हळूहळू लक्षात आलं, राग अंगठ्याचा नव्हताच. राग बाईंचा होता. पुढल्या सोमवारचं आमचं ठरलं होतं. जिनं आठ वर्षांत एकाही माणसाला सोमवार चुकवू दिला नाही, ती बाई स्वतः असा सोमवार टाकून निघून गेली...

याला आता दीड महिना झाला. राग उतरलेला नाही, म्हणूनच लिहायला बसलो आहे.

कळंबहून राळेगावकडे जाताना एका फाट्यावर एसटी थांबते. तिथून आत चालत वीस मिनिटांवर आमची सातवीपर्यंतची शाळा. मी तिथला मुख्याध्यापक, गावच्या भाषेत ‘मोठे सर’. निम्मी पोरं गावातली, निम्मी पलीकडच्या तांड्यावरची. राठोडबाई बदलीनं आल्या तेव्हा पन्नाशीकडे झुकल्या होत्या. त्याही तांड्यावरच वाढलेल्या, त्यामुळे आल्या दिवशीच पहिलीच्या पोरांशी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायला लागल्या आणि चार महिने मुकं बसलेलं एक पोर त्यांना म्हणे आपल्या शेळीची सगळी कहाणी सांगून गेलं. मला बरं वाटलं. कामाची बाई मिळाली, असं मी मनात म्हटलं. किती कामाची ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलासमोर उभ्या राहून त्यांनी विचारलं, “सर, आपल्या शाळेत मास्तर एकमेकांच्या वर्गात जातात काय?”

“जातात ना,” मी म्हटलं, “खडू मागाले.”

बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या विनोदांना कधीच हसल्या नाहीत, हाही एक जुना राग आहेच.

त्या काळात वरून एक परिपत्रक आलं होतं की शाळेशाळेत शिक्षकांचा एक गट असावा आणि त्यानं शाळेच्या सुधारणेची धुरा सांभाळावी. मी नेहमीप्रमाणे चार नावं लिहिली, सह्या घेतल्या, फाइल कपाटात ठेवली आणि गट स्थापन झाला. बाईंनी ती फाइल कपाटातून काढली. गट आहे तर बसायला पाहिजे, म्हणाल्या. शनिवारी शाळा सकाळची असते, पोरं सुटली की मास्तरांना घर गाठायची घाई. त्याच वेळेला त्यांनी आम्हाला शिक्षकखोलीत अडकवून बसवलं आणि आपला कायदा सांगितला. दर आठवड्यात एका मास्तरनं दुसऱ्याच्या वर्गात मागे जाऊन एक तासिका बसायचं. खुर्चीवर नाही, पोरांच्या रांगेत, खाली. मास्तर कसा शिकवतो ते पाहायचंच नाही, पोरं काय करतात ते पाहायचं. शनिवारी तेवढंच सांगायचं. त्यातून एक गोष्ट निवडायची, एकच, आणि ती सोमवारपासून बदलायची. बदल झाला की नाही ते पुढच्या शनिवारी. खाली बसण्यासाठी त्या स्वतःचं एक बसकर घेऊन आल्या. त्यांच्या आईनं जुन्या कापडाचे तुकडे जोडून, लाल-पिवळ्या टाक्यांनी भरून शिवलेलं. शिक्षकखोलीतल्या खिळ्याला ते टांगलेलं असायचं आणि ज्याची पाळी असेल त्यानं ते काखेत मारून जायचं.

वैताग म्हणजे काय ते मला त्या शनिवारांनी शिकवलं. आमचे ढोले सर भाषा शिकवतात, माझ्याच वयाचे, मनानं सोन्यासारखे पण जिभेला हाड नाही. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, “बाई, त्या पोरायच्या घरचं वातावरणच तसं आहे, आपण काय करनार?” बाईंनी शांतपणे वहीत काहीतरी टिपलं आणि म्हणाल्या, “घरचं वातावरण जो काढन, त्यानं पुढच्या शनिवारी सगळ्यायसाठी कच्चा चिवडा आनाचा.” आम्हाला वाटलं गंमत आहे. ढोले सरांनी सलग सात शनिवार चिवडा आणला. सात! कांदा चिरून, शेंगदाणे घालून, घरून डबा भरून. आठव्या शनिवारी ते तोंड उघडून थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “मी काही म्हटलं नाही.” त्या दिवशी आम्ही उपाशी चहा प्यालो, आणि त्याच दिवशी पहिल्यांदा आमच्या खोलीत कामाचं बोलणं झालं. ढोले सरांच्या वर्गात बाई बसल्या होत्या. कागदावर त्यांनी बसण्याच्या रांगा काढल्या होत्या आणि सरांनी ज्या पोराला प्रश्न विचारला त्याच्या जागी एक रेघ ओढली होती. पुढच्या दोन रांगांत रेघाच रेघा. भिंतीकडच्या रांगेत, जिथे तांड्यावरची पोरं बसतात, तिथे कोरा कागद. ढोले सर त्या कागदाकडे पाहत राहिले. मग एवढंच म्हणाले, “मले तं वाटे मी सगळ्यायलेच विचारतो.” सोमवारी त्यांनी रांगा मोडून पोरांना गोल बसवलं.

हे वाचून कुणाला वाटेल की मग शाळा फुलली, बहरली वगैरे. तसं काही नाही. दिवाळीनंतर तांड्यावरची कितीतरी घरं ऊसतोडीला जायची, पोरं होळीच्या सुमारास परत यायची तेव्हा अक्षरं पार पुसून गेलेली. पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचो, बाई, हे दळण किती दळायचं? त्या म्हणायच्या, “सर, आपन जेवतो तं रोजच ना?” या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. एसटीनं येताना रोज दहा मिनिटं उशीर, त्यावर मी बोललो तर म्हणायच्या, “सायंकाळी शेवटची गाडी पकडतो ना, तेव्हाचे दहा मोजून घ्या.” दुसऱ्याच्या डब्यातला ठेचा न विचारता घ्यायच्या. रविवारी सकाळी फोन करायच्या, का, तर आंघोळ करताना त्यांना भागाकाराबद्दल काहीतरी सुचलेलं असायचं. कोमल मॅडम नवीन लागल्या तेव्हा महिनाभरात त्या माझ्याकडे रडत आल्या होत्या, की राठोडबाई मागे बसल्या की माझे हातपाय गार पडतात. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी काय केलं? कोमल मॅडमला उलट आपल्या वर्गात मागे बसवलं आणि मुद्दाम आपल्याला न जमणारा धडा घेतला. शनिवारी कोमल मॅडम दबकत दबकत म्हणाल्या, बाई, अर्धी पोरं खोडरबर खेळत होती. बाई म्हणाल्या, “लिवा फळ्यावर.”

हा फळा म्हणजे शिक्षकखोलीतला जुना, कोपरा फुटलेला फळा. आपलं काय चुकतं आहे ते शनिवारी त्याच्यावर लिहायचं आणि दुरुस्त झालं की ज्याचं त्यानं पुसायचं, हा बाईंचा शेवटचा आणि सगळ्यात तापदायक नियम. आता जे सांगतो आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या वर्षी बाहेरून अधिकारी आमची शाळा पाहायला येणार होते. शिक्षकांचा गट चांगला चालतो अशी कुठून तरी हवा पसरली होती. मी मैदान झाडून घेतलं, कुंड्यांना गेरू लावला, आणि सकाळी शिक्षकखोलीत शिरलो तर फळ्यावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, ‘चौथीतले सहा जण अजून वाचत नाहीत. कारण आपण.’ गाडी फाट्यावरून आत वळल्याचा फोन आलेला. मी डस्टर घेतलं, फळा पुसला आणि त्यावर ‘ज्ञान हीच खरी संपत्ती’ असा सुविचार लिहिला, वर रंगीत खडूनं फूलही काढलं. साहेब खूश झाले. फोटो निघाले. गटाचं काम अनुकरणीय आहे असा शेरा मिळाला. गाडी गेल्यावर बाई त्या फुलाकडे बघत उभ्या होत्या.

“पुसलं कायले, सर?”

“अवं बाई, पाव्हण्यासमोर आपलीच लक्तरं टांगाची काय?”

“मंग ते सहा जन वाचाले लागले काय?”

अडलो की माझा आवाज चढतो. मी म्हणालो की मुख्याध्यापक मी आहे, शाळेची अब्रू मला सांभाळावी लागते, तुम्हाला काय, तुम्ही शेवटच्या गाडीनं निघून जाता. हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. शेवटच्या गाडीपर्यंत त्या का थांबतात ते मला चांगलं ठाऊक होतं. त्याच चौथीच्या पोरांना घेऊन त्या व्हरांड्यात बसायच्या. दोन शनिवार त्यांनी खडूला हात लावला नाही आणि त्या दोन शनिवारांत आमच्या गटात कुणाला काही बोलायचंच उरलं नाही. तिसऱ्या शनिवारी त्यांनी माझं फूल पुसलं, सहा जणांची ओळ होती तशी परत लिहिली, आणि खाली एक नवी जोडली, ‘मोठ्या सरांचा वर्ग पाहायचा राहिला.’

ते खरं होतं. मी सातवीला गणित शिकवतो. सात वर्षं सगळ्यांच्या वर्गात सगळे बसून आले होते, माझा वर्ग सोडून. कधी मला तालुक्याला बैठक, कधी पोषण आहाराचा तांदूळ, कधी ऑनलाइन माहिती. खरं कारण भीती होती, दुसरं काही नाही. बाईंनी मला एका शब्दानं जाब विचारला नाही, फक्त दर शनिवारी त्या ओळीखाली एक रेघ ओढत गेल्या. सहा जणांची ओळ या वर्षी पुसली गेली, एकेक नाव करत. माझी तेवढी तशीच राहिली. माफी मागावी असं रोज वाटायचं. आज बोलू, उद्या बोलू... त्यांच्याशी नीट बोलायला सवड हवी, आणि सवड तर रिटायर झाल्यावर आहेच, असा माझा हिशेब.

शेवटच्या शनिवारी त्या पिशवी खांद्याला लावून दारात उभ्या होत्या. “सर, मी सोमवारी येऊन बसन तुमच्या वर्गात. आता नाही म्हनू नका.”

मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं, “या सोमवारी गणवेशाची माहिती आहे बाई. पुढच्या सोमवारी नक्की. माहा शब्द.”

“पाहा बरं,” त्या म्हणाल्या, आणि गेल्या. गुरुवारी पहाटे त्या वारल्या. गणवेशाची माहिती मी त्या दिवशीही भरू शकलो नाही, आणि खरं सांगायचं तर ती उशिरा भरल्यानं कुणाचं काहीही बिघडलं नाही.

तेरवीनंतर त्यांचा मुलगा वस्तू न्यायला शाळेत आला. चष्मा, डबा, दोन वह्या त्यानं पिशवीत भरल्या. मी खिळ्यावरचं बसकर काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं, आजीचे टाके त्यानं ओळखले असावेत. मग परत खिळ्याला लावलं. “याडी म्हने, हे शाळेचं आहे. घरी कोन बसते याच्यावर?” आईला तो याडी म्हणायचा.

त्यानंतरच्या सोमवारी मी स्वतः ते बसकर काखेत मारलं, सातवीच्या वर्गात मागे नेऊन पसरलं आणि कोमल मॅडमना बोलावून आणलं. त्यांना वाटलं मी रागावलो आहे. होतोच. त्या तासाला माझे हातपाय गार पडले आणि नफा-तोटा शिकवताना मीच एक बेरीज चुकलो. शनिवारी कोमल मॅडमनी कागद पुढे ठेवला. रांगा, आणि रेघा. खिडकीकडच्या रांगेत पाच मुली बसतात. कोरा कागद. मी म्हटलं, “अहो, त्या बोलतच नाहीत. त्यायच्या घरचं वातावरण...” आणि थांबलो. ढोले सर फक्त खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “पुढच्या शनिवारी कांदा जरा जास्त टाकजा, सर.”

मग मी रडलो, सगळ्यांसमोर. त्याची लाज वाटत नाही.

फळ्यावर बाईंची ओळ अजून होती. बाई गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता, सफाईवाल्या मावशीसुद्धा फळ्याचा तेवढा कोपरा सोडून पुसायच्या. माझ्या मनात आलं, राहू द्यावी, काच लावून जपावी. पण बाईंनी ऐकलं असतं तर म्हणाल्या असत्या, झालं ना सर, मंग पुसा, त्याची पूजा करता काय? मागच्या वेळी डस्टर किती सहज चाललं होतं माझं. या वेळी एकेक अक्षर पुसायला मला इतका वेळ लागला की कोमल मॅडम दोनदा म्हणाल्या, सर, मी पुसू का? मी नाही म्हटलं. नियम माझ्यासाठीही तोच होता. पुसून झाल्यावर तिथेच माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, ‘सातवी, खिडकीकडच्या पाच मुली. कारण मी.’

ती ओळ अजून तिथे आहे. पाचपैकी एक मुलगी काल पहिल्यांदा उत्तर द्यायला उठली, चुकलं तिचं. बसकर खिळ्याला आहे. या सोमवारी ढोले सर ते घेऊन माझ्या वर्गात येणार आहेत, आणि मी कितीही माहिती भरायची असली तरी नाही म्हणणार नाही.